धोंडूचं वजन

दि. ९ फेब्रुवारी, रविवार

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण आई त्याहून जास्त कुरकुरते, तेव्हा काळजी नसावी. दुकान चालू आहे. भाजीमंडईतले चार काटे दुरुस्तीला आले आहेत, त्यातल्या एकाच्या पोटात झुरळांचं अख्खं कुटुंब निघालं. मालक म्हणतो, "तरीच काटा रोज थोडा थोडा जास्त दाखवायचा!" मी म्हटलं, गिऱ्हाइकांना हे सांगू नका.

आत्ता अर्ध्या तासापूर्वी आपण फोनवर बोललो आणि हा माणूस लगेच पत्र लिहायला का बसला, असं तुला वाटेल. मलाही तेच वाटतं आहे. शेवटचं पत्र मी कधी लिहिलं होतं तेही आठवत नाही. पेन सापडायलाच पंधरा मिनिटं गेली.

फोनवर एक विचारायचं राहून गेलं. धोंडूबद्दल.

तो तुझा दोन्ही हातांत धरून खेळायचा खेळ, त्यातला दगड. तू घर सोडून गेलीस त्या दिवशी ते यंत्र टेबलावर चार्जरसकट ठेवलंस आणि म्हणालीस, "बाबा, धोंडूला सांभाळा हं." तू हसत म्हणालीस. पण मी वजनकाट्यांचा माणूस आहे, लोकांनी ठेवायला दिलेली वजनं मी दहा-दहा वर्षं फडक्यात गुंडाळून सांभाळली आहेत. सांभाळा म्हणजे सांभाळा.

तर सांगायचं असं, की सहा वर्षं मी तो खेळ खेळतो आहे. हसू नकोस. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं की आईचा चहा होईपर्यंत, रोज. एक दिवस बॅटरी संपून बंद पडला तेव्हा मला वाटलं तो गेलाच. धावत जाऊन चार्जर लावला. मग वाटलं, नुसता ठेवण्यापेक्षा त्याला थोडं फिरवून आणावं. फिरवताना रानात कुणीतरी प्राणी आडवा आला आणि लढाई सुरू झाली. मी घाबरून सगळी बटणं दाबली आणि धोंडू जिंकला! तेव्हापासून सवय लागली.

शंभराच्या वर प्राणी आहेत त्या खेळात, मी आता बरेच ओळखतो. पंखवाले आहेत, पाण्यातले आहेत, एक तर नुसता धूर आहे. पकडायचे, सांभाळायचे, लढवायचे. तू नऊ वर्षांची असताना सुरुवातीला एक निवडायचा होता आणि मी तुझ्या खांद्यावरून बघत होतो. मऊमऊ, मोठ्या डोळ्यांचे दोन प्राणी सोडून तू तिसरा निवडलास. एकावर एक तीन धोंडे, वरच्याला दोन डोळे, पाय नाहीत, लोळत चालतो. मी म्हटलं, "अगं, हा काय घेतलास?" तू म्हणालीस, "याला कोणी घेत नसणार." आणि धोंडू असं त्याचं नाव टाकलंस. मग वर्षभर तुझ्या दप्तरात, खिशात, आईच्या डब्यांत दगडच दगड. पुढे तू कॉलेजातही दगडच शिकलीस. या सगळ्याला तोच धोंडू कारणीभूत, असं आई अजून म्हणते.

आता माझी पहिली शंका. यंत्रातल्या माहितीत त्याची उंची चाळीस सेंटिमीटर दिली आहे आणि वजन तीनशे किलो. मी हिशेब करून पाहिला. एकावर एक तीन धोंडे सोड, चाळीस सेंटिमीटरचा अगदी गरगरीत एकच गोळा धरला, तरी दगड नव्वद किलोच्या वर जात नाही. तीनशे म्हणजे तो तेवढ्याच पितळेच्या गोळ्यापेक्षाही जड झाला. असा दगड कुठे असतो? तू दगडांतली जाणकार, तूच सांग. की खेळ बनवणाऱ्यांनी काटा न तपासताच आकडा ठोकून दिला?

दुसरी शंका महत्त्वाची आहे. धोंडू लढाई जिंकला की कधीकधी पडदा पांढरा होतो, संगीत बदलतं, तो थरथरायला लागतो आणि त्याच्या अंगाला तडे जातात. खाली बारीक अक्षरांत काहीतरी येतं, पण मी चष्मा चढवेपर्यंत ते निघून जातं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी यंत्र डोळ्यांजवळ नेलं. वाटलं, फुटतोय हा. पुन्हा सगळी बटणं दाबली. थांबलं! धोंडू होता तसा परत आला. मग हळूहळू कळलं की त्यातलं खालचं एकच बटण दाबलं तरी पुरतं. आता तडे दिसले की माझा अंगठा आपोआप तिथे जातो. गेल्या सहा वर्षांत असं साठएक वेळा झालं असेल. साठ वेळा मी त्याला वाचवला आहे.

पण हल्ली हे फारच वाढलंय. तर हा रोग कसला आणि त्याला कायमचा इलाज काय, एवढंच विचारायचं होतं.

फोनवर तू त्या संस्थेबद्दल जे बोललीस, त्यावर मी नुसतं "हं" म्हटलं. त्याबद्दल लिहायचं आहे. पण आई जेवायला बोलावते आहे.

मंगळवार

पत्र अजून टाकलेलं नाही. बरं झालं, कारण दुसऱ्या शंकेचं उत्तर मला इथेच मिळालं आणि ते मिळाल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

आपल्या समोरच्या बाजूला, पूर्वी छत्र्यांचं दुकान होतं तिथे, एक मुलगी मोबाईल दुरुस्त करते. सगळे तिला मोबाईलवालीच म्हणतात. तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान असेल. डोळ्याला भिंग लावून बसते, सोन्याचांदीचं काम करणारे बसतात तशी. तिच्याकडचा छोटा काटा मी मागे नीट करून दिला होता, म्हणून जरा ओळख. काल यंत्र घेऊन तिच्याकडे गेलो. म्हटलं, "बाई, हा माझा प्राणी फुटतो. बघा जरा."

तिनं यंत्र हातात घेतलं आणि ओरडलीच, "काका! हा खेळ? माझ्या लहानपणचा!" मग धोंडूकडे बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. म्हणाली, "काका, हा एवढा ताकदवान झालाय आणि अजून पहिल्याच रूपात? असा मी कधी पाहिला नव्हता. तुम्ही मुद्दाम अडवताय का?"

मी म्हटलं, "अडवत नाही, वाचवतोय. ते तडे जातात ना, तेव्हा मी खालचं बटण दाबतो."

ती आधी हसली. मग माझं तोंड बघून हसायची थांबली. म्हणाली, "काका, तो फुटत नसतो. तो मोठा होत असतो. तडे जातात आणि आतून नवीन रूप बाहेर येतं. तुम्ही ते बटण दाबलं की तो थांबतो. तुम्ही त्याला वाढूच दिलं नाही."

मी विचारलं, "त्याला काही इजा?"

"इजा कसली. फक्त जे व्हायचं ते झाला नाही."

मी यंत्र घेऊन दुकानात आलो आणि बसून राहिलो. मासळीवाल्याचा काटा न्यायला माणूस आला तर त्याला दुसऱ्याचाच काटा बांधून दिला. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. तो अर्ध्या रस्त्यातून परत आला.

ठकू, आता मी फिरवाफिरव बंद करतो. आडून आडून धोंडूचं विचारत होतो, पण रविवारपासून माझ्या घशात अडकलं आहे ते वेगळंच.

तू फोनवर म्हणालीस, त्या भूसर्वेक्षण संस्थेची जाहिरात पुन्हा आली आहे, वयाची अट पाहता ही तुझी शेवटची संधी, अर्ज अठ्ठावीस तारखेपर्यंत. मी म्हटलं, "मग कर की." तर तू म्हणालीस, "नाही बाबा. मागच्या वेळी त्यांनी साधं 'नाही' कळवायचीही तसदी घेतली नाही. तीन महिने मी जिन्याखालची टपालपेटी उघडत होते. ज्यांच्या लेखी मी एका कागदाचीसुद्धा नाही, त्यांच्या दारात पुन्हा कशाला जाऊ? फरशीच्या दुकानात दगडच विकते आहे ना, मग झालं." आणि वर हसलीस. दगडापेक्षा वीट मऊ, म्हणालीस. तेव्हा मी "हं" म्हटलं.

त्यांनी कळवलं होतं.

हे लिहून मी पेन खाली ठेवलं, दुकानातून एक चक्कर मारली, परत आलो. वाक्य तसंच आहे.

त्या दिवशी तू दवाखान्यात गेली होतीस, तान्ह्या बाळांचा काटा शून्यावर आणायला. पोस्टमन दुकानात आला आणि पाकीट माझ्या हातात दिलं. पांढरं, लांबट, कोपऱ्यात संस्थेचं नाव छापलेलं, खाली तुझं नाव. मी ते उघडलं नाही. खरं सांगतो, आजवर उघडलेलं नाही. मी काय केलं ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर वेड्यात काढेल, पण तुला लगेच कळेल. मी ते काट्यावर ठेवलं.

सव्वीस पूर्णांक चार ग्रॅम.

रिकामं पाकीट तिकिटासकट सहा-साडेसहा ग्रॅम. एक कागद पाच ग्रॅम. नकार एका कागदावर मावतो, तो अकरा-साडेअकराच्या पुढे जात नाही. सव्वीस म्हणजे आत चार कागद. भरायचे फॉर्म, हजर व्हायची तारीख, सोबत आणायच्या वस्तूंची यादी. माझा हिशेब दहा सेकंदांत झाला. तू निवडली गेली होतीस.

आणि मी काय केलं? प्रमाण वजनांची लाकडी पेटी उघडली, दोन किलोचं वजन चिमट्यानं नाही, हातानं उचललं, हाताचा घाम लागून वजन बिघडतं म्हणून ज्याबद्दल तुला मी लहानपणी केवढा रागवायचो, आणि त्याच्या खालच्या मखमलीखाली ते पाकीट सरकवलं. तू परत आलीस, घामाघूम, विचारलंस, "टपाल?" मी म्हटलं, "काही नाही. जाहिराती."

असं का केलं ते मी सहा वर्षं शोधतो आहे आणि मला सापडत नाही. आधी म्हणायचो, माझी नजर उतरत चालली होती, बारीक रेघा तूच वाचून द्यायचीस. पण नवा चष्मा घेतल्यावर मला दिसायला लागलं, तरी पाकीट तिथेच राहिलं. मग म्हणायचो, आईचं त्याच वर्षी ऑपरेशन होतं. ते झालं, ती महिन्यात चालायला लागली, तरी पाकीट तिथेच. मग म्हणायचो, डोंगरदऱ्यांत तंबू ठोकून राहायचं काम, पोरीला झेपायचं नाही. तुला काय झेपतं ते मला पक्कं माहीत होतं. मंडईतला दीडशे किलो तोलणारा काटा तू एकटीनं जिन्यावरून उतरवला होतास.

मला वाटतं, मला फक्त थोडा वेळ हवा होता. दोन दिवस. दोन दिवसांनी देईन म्हटलं. मग दोन दिवस का ठेवलं हे सांगावं लागेल म्हणून आणखी दोन. मग तारीख उलटली असेल या भीतीनं. मग तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. तू रोज जिन्याखाली जायचीस आणि पेटीचं झाकण वाजायचं. ते मला दुकानात ऐकू यायचं.

आणि एवढं करून तू थांबलीसही नाहीस. तीन महिन्यांनी मिळेल ती नोकरी धरून निघून गेलीस. ज्यासाठी केलं तेही पदरात पडलं नाही, आणि तुझ्या पायावर मात्र मी धोंडा पाडून ठेवला.

आणखी एक आहे, आणि ते मला काल रात्रीपर्यंत सुचलंच नव्हतं. तू अर्जासोबत दाखल्यांच्या प्रती पाठवल्या होत्यास. तीन होत्या, मीच स्टेपल केल्या होत्या. नकार देताना पुष्कळ ठिकाणी प्रती परत पाठवतात. म्हणजे एक कागद नकाराचा आणि तीन दाखले. तेही सव्वीस ग्रॅमच होतं गं! म्हणजे मी तुझी निवड लपवली की तुझा नकार लपवला, हेही मला माहीत नाही. जन्मभर लोकांना सांगत आलो की काटा खोटं बोलत नाही. पण काट्याला आतलं वाचता येत नाही, हे माझ्या टाळक्यात सहा वर्षांत आलं नाही. आता मी स्वतःला दोष कसला देऊ तेही कळेनासं झालंय. नकार असेल तर माझा गुन्हा कमी होतो का? मला वाटतं, नाही. दोन्हीकडे वजन सारखंच आहे.

गुरुवार

आज सकाळी आईला सांगितलं. ती वाटाणे सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं, सव्वीस ग्रॅमसकट. तिनं वर पाहिलं नाही. एकेक शेंग सोलत राहिली. सोलून झाल्यावर साली उचलल्या, टाकून आली, आणि मग म्हणाली, "मी तिला म्हणत होते, अगं, आलं नसेल पत्र, जगात काय पत्रं हरवत नाहीत? तेव्हा तुम्ही समोर बसून जेवत होतात."

मी म्हटलं, "हो."

"आमटी वाढून घेतलीत दोनदा. मला आठवतं."

मला नव्हतं आठवत. पण तिला आठवतं म्हणजे घेतली असेल.

मी म्हटलं, रविवारी फोनवर सांगतो. तर म्हणाली, "फोनवर नको. फोनवर तुम्ही गुळमुळीत बोलता आणि ती बिचारी 'जाऊ दे बाबा' म्हणून मोकळी होते. कागदावर लिहा. तिला एकटीला वाचू दे, हवं तितकं रडू दे, मग काय ते ठरवू दे." मी म्हटलं, लिहितोच आहे रविवारपासून. तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. चहा मात्र दिला.

संध्याकाळी मी यंत्र घेऊन बाहेरच्या खोलीत बसलो. धोंडूला रानात नेलं, एका पंखवाल्याशी लढवलं, तो जिंकला. पडदा पांढरा झाला, तडे जायला लागले. माझा अंगठा त्या बटणावर गेला, सवयीनं. आई मागे कधी येऊन उभी राहिली होती मला कळलं नाही. म्हणाली, "हात काढा." मी यंत्र टेबलावर ठेवलं आणि हात मांडीखाली घेतले, शाळेत घ्यायचो तसे.

पुष्कळ वेळ चाललं ते. इतका वेळ लागतो हे मला माहीतच नव्हतं, मी कधी शेवटपर्यंत जाऊच दिलं नव्हतं. वरचा धोंडा फुटला, मग मधला, मग खालचा, आणि तुकड्यांतून एक दांडगा, ओबडधोबड गडी उभा राहिला. चार हात, आणि पाय! ठकू, त्याला पाय आले. आई म्हणाली, "हा होय? मला वाटलं काहीतरी भयंकर होणार आहे."

मी मात्र चष्मा लावून वर नाव पाहिलं. मला भीती होती की नाव जाईल, आता दुसराच कुणीतरी आला असेल. पण नाव तेच होतं. धोंडू. तू टाकलं होतंस तेच. मी आईला ते दाखवलं आणि मग मला रडू आलं, तिच्यासमोर, आवाजासकट. ती तिथून हलली नाही.

वजन आता पाचशे किलो दाखवतं. हिशेब करत बसलो नाही.

पाकीट सोबत जोडलं आहे. मखमलीचा लाल रंग एका कडेला लागला आहे, बाकी जसं आलं तसं आहे. आत काय आहे ते तुला पहिल्यांदा कळेल, मला नंतर, तू सांगितलंस तर. पण आत काहीही असो, त्यांनी कळवलं होतं. त्यांच्या लेखी तू एका कागदाचीसुद्धा नाहीस असं नव्हतं, चार कागदांची होतीस. अर्ज अठ्ठावीस तारखेपर्यंत आहे. माझ्यावरचा राग अर्ज करून झाल्यावर काढ, तो कुठे जात नाही, मीही कुठे जात नाही. रविवारी फोन वाजला नाही तर मी समजेन. आईला वेगळा फोन कर, तिचा यात काही दोष नाही.

तू माझ्या हाताखाली शिकलेली आहेस, पाकीट हातात आलं की आधी तोलून पाहशील. तोलू नकोस. उघड.

वर आशीर्वाद लिहिले आहेत, ते रविवारचे आहेत, हे सगळं कबूल करण्याआधीचे. ते ठेवायचे की परत पाठवायचे, तूच ठरव.

तुझ्या टपालाची वाट पाहणारा,
बाबा